स्मृतीचा माग

आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाची वांटणी करतांना स्मृतीला मोठी विचित्र वागणूक दिली. ज्ञान दोन प्रकारचें, अनुभव आणि स्मृति, एवढें त्यांनीं कबूल केलें. परंतु प्रमेच्या म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या पंक्तीला त्यांनीं अनुभवालाच काय तो पाट मांडला, आणि स्मृतीला ओसरीवर बसविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, स्मृति स्वतःच्या बळावर नवें कांहींच जाणत नाहीं. पूर्वीच्या अनुभवानें आत्म्यावर जो संस्कार ठेविला तो जागा झाला म्हणजे ती उत्पन्न होते. हा संस्कार डोळ्यांस दिसत नाहीं, मनासहि प्रत्यक्ष होत नाहीं. काल पाहिलेला मनुष्य आज आठवतो त्या अर्थीं मध्यंतरीं कांहीं तरी टिकून असलें पाहिजे, एवढ्या अनुमानावरच त्याचें अस्तित्व. शिवाय तो सदैव जागा नसतो. तसा असता तर साऱ्या आठवणींनीं एकदमच मनांत गर्दी केली असती. म्हणून त्यास जागविणारें दुसरें कांहीं तरी लागतें. सदृश वस्तूचें दर्शन, सहवासांत अनुभवलेला दुसरा पदार्थ, मनाची एकाग्रता. यास त्यांनीं उद्बोधक असें सुरेख नांव दिलें.

१९०४ सालीं रिचर्ड सेमॉन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें स्मृतीविषयीं एक ग्रंथ लिहिला. अनुभवामुळें सजीव द्रव्यांत जो टिकाऊ पालट होतो त्यास त्यानें ‘एन्ग्राम’ असें नांव दिलें, आणि तो पालट पुनः जागा होण्याच्या क्रियेस ‘एक्फोरी’. संस्कार आणि उद्बोध या शब्दांशेजारीं हीं दोन नांवें ठेवून पाहिलीं तर जुन्या ओळखीचा भास होतो. यावरून आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं आधींच ठाऊक होतें असा डांगोरा पिटण्याची ज्यांना हौस असेल त्यांनीं ती अन्यत्र भागवावी. नैयायिकांचा संस्कार आत्म्याचा गुण, सेमॉनचा एन्ग्राम देहाचा विकार. दोहोंमध्यें अंतर लहान नाहीं. प्रश्न मात्र दोघांपुढें एकच उभा होता. मनुष्य विसरतो तेव्हां संस्कार नाहींसा होतो, कीं संस्कार असतोच आणि उद्बोधक तेवढा त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं? केवळ तर्कानें याचा निकाल लागणें शक्य नव्हतें. कारण दोन्ही पक्षीं बाहेर दिसणारें फळ एकच, विस्मरण. निकाल लावावयाचा तर हत्यार पाहिजे होतें. तीं हत्यारें कशीं आलीं आणि प्रत्येकानें आपल्या धारेप्रमाणें या प्रश्नाला कसा आकार दिला, हें पाहण्याचा येथें विचार आहे. आम्ही वैद्यक शिकलेले नव्हे. या विषयाकडे आम्ही ओढले गेलों तें एका घरगुती कारणानें, आणि तें ओघानें येईलच.

पहिलें हत्यार फुकट मिळणारें होतें. तें म्हणजे संशोधकाचें स्वतःचें डोकें. १८८५ सालीं हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्मृतीवर जें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतील सारे प्रयोग त्यानें स्वतःवरच केले होते. शब्दाला अर्थ असला म्हणजे एक शब्द दुसऱ्याला ओढून आणतो. म्हणून त्यानें सुमारें २,३०० निरर्थक पदें बनविलीं, घड्याळाच्या टिकटिकीच्या तालावर त्यांच्या माळा पाठ केल्या, आणि कांहीं काळानंतर त्याच माळा पुनः पाठ करण्यास किती वेळ कमी लागतो हें मोजलें. तासाभरानंतर निम्म्याहून कमी वेळ वांचे, एका दिवसानंतर सुमारें एक-तृतीयांश, महिन्यानंतर सुमारें एक-पंचमांश. विसरण्याचा वेग आरंभीं फार आणि पुढें मंद, हा नियम यांतून निघाला व तोच लोकांच्या लक्षांत राहिला. आम्हांस त्या मोजणीची खरी खुबी दुसरीकडेच दिसते. माळ आठवत नाहीं, आपण ती साफ विसरलों अशी खात्री आहे, आणि तरीहि ती पुनः शिकतांना वेळ वांचतो! जें गेलें असें आपण समजतों त्याचा कांहीं अंश आंत शिल्लक असतो, हें प्रथम अंकांत मांडलें गेलें तें येथें.

दुसरें हत्यार रंगाचें. १८७३ सालीं कामिलो गोल्जी या इटालियन वैद्यानें मेंदूच्या कापावर रुप्याच्या क्षाराची अशी क्रिया शोधून काढली कीं, तिनें शेंकडों पेशींतील थोड्याशाच काळ्या होत, पण ज्या होत त्या आपल्या सर्व फांद्यांसह. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काळें जंगल दिसलें असतें. थोड्या रंगल्या म्हणून झाड दिसलें. तीच पद्धति सुधारून स्पेनमधील सांत्यागो रामोन इ काहाल यानें मज्जापेशी वेगवेगळ्या असून त्या एकमेकींस केवळ भिडतात असें दाखविलें, आणि या सांध्यांच्या बळकटींत शिक्षणाचें मूळ असावें असा तर्क १८९४ सालीं लंडनच्या व्याख्यानांत मांडला. गोल्जीचें मत शेवटपर्यंत उलट होतें. त्याला सर्व मेंदू म्हणजे एक सलग जाळें वाटे. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें, आणि त्या प्रसंगींहि दोघे एकमेकांविरुद्धच बोलले. रंग एकच, कांच एकच, आणि पाहणाऱ्यांचीं मतें दोन! हत्यार आलें म्हणजे वाद मिटतो असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तिसरें हत्यार सुरी. कार्ल लॅश्ले या अमेरिकन शास्त्रज्ञानें उंदरांना भुलभुलैयाच्या वाटा शिकवाव्या आणि मग त्यांच्या मेंदूच्या वरच्या थराचे निरनिराळे भाग कापून कोणत्या तुकड्याबरोबर वाट हरपते तें पाहावें, असा क्रम कित्येक वर्षें चालविला. संस्काराचें घर त्याला कोठेंच सांपडलें नाहीं. तुकडा कोठला हें फारसें महत्त्वाचें ठरेना. किती मोठा, एवढेंच ठरे. १९५० सालीं सर्व प्रयोगांचा आढावा घेतांना, हें सारें पाहिलें म्हणजे शिकणें मुळींच शक्य नाहीं असेंच म्हणावें लागेल, असा विनोद त्यानें स्वतःवरच केला. आज पाहतां दोष सुरीच्या जाडीचा होता. एका संस्काराचे धागे दूरवर पसरलेल्या पेशींत विणलेले असतील, तर सुरीनें धागा सांपडणार नाहीं. वस्त्र तेवढें फाटेल.

त्यानंतरचें हत्यार सांगतांना लेखणी अडखळते, कारण तें एका माणसाचें दुर्दैव होतें. हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या अमेरिकन गृहस्थाचा अपस्मार कोणत्याहि औषधानें आटोक्यांत येईना. म्हणून १९५३ सालीं विल्यम स्कोव्हिल या शस्त्रवैद्यानें त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलामागील आंतला भाग काढून टाकला. त्यांत समुद्रघोड्याच्या आकारावरून ज्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात त्या अवयवाचा मोठा हिस्सा होता. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसापासून नवी गोष्ट त्याच्या मनांत ठरेना. वर्षानुवर्षें भेटणारी माणसें त्याला रोज नवीं. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें त्याला आरशांत पाहून चांदणीच्या आकृतीभोंवतीं रेघ काढावयास लावली. दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला, आणि प्रत्येक दिवशीं आपण हें पूर्वीं कधीं केल्याचें त्याला मुळींच आठवत नसे. हाताची स्मृति निराळी आणि घडल्या गोष्टीची स्मृति निराळी, हें इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कोणी दाखविलें नव्हतें. २००८ सालीं तो वारला. पुढील वर्षीं त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून ठेवण्यांत आले. ज्याला स्वतःचा कालचा दिवस आठवत नव्हता, त्याची आठवण शास्त्र अशा रीतीनें जपून आहे.

आतां आमचें घरगुती कारण. आमच्या एक मावशी अखेरचीं सहा वर्षें आमच्याकडे होत्या. प्रथम किल्ल्या हरवूं लागल्या, मग वार, मग नातवंडांचीं नांवें, आणि शेवटीं रोज दिवेलागणीला यजमान अजून कसे आले नाहींत ही चौकशी सुरू झाली. यजमान जाऊन अठरा वर्षें झालीं होतीं. हात मात्र शाबूत होते. पुढ्यांत कापूस ठेवला कीं फुलवाती अशा वळत कीं, एक दुसरीहून लहानमोठी नसे. एका तज्ज्ञानें मेंदूचें चित्र उजेडावर धरून तो समुद्रघोडा कसा आकसला आहे हें आम्हांस दाखविलें, आणि आठवणी गेल्या, आतां त्या नाहींत, असा निर्णय दोन वाक्यांत देऊन टाकला. चित्रांत आकसलेला अवयव दिसत होता हें खरें. नाहींशी झालेली आठवण त्यांत कोठें दिसत होती, हें मात्र आम्हांस समजलें नाहीं.

पुढें एके दिवशीं त्यांच्या माहेरगांवची एक वृद्ध बाई आमच्याकडे आली. आमच्या इकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल. मावशींना साठ वर्षें सारे सासरच्या नांवानें ओळखत, आणि अलीकडे त्या नांवाला त्या ओ देत नसत. त्या बाईनें दारांतूनच ‘चंपे!’ अशी हांक मारली. मावशींनीं मान वर केली, आणि पुढचा अर्धा तास विहिरीवरचा रहाट, धाकट्या बहिणीची खोड, परसांतला रायआंवळा, सगळें क्रमानें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं बाई येऊन गेल्याचेंहि त्यांस स्मरण नव्हतें. जुन्या आठवणी शेवटीं जातात हें फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यानें १८८१ सालींच नमूद केलें आहे, तेव्हां यांत चमत्कार कांहीं नाहीं. परंतु त्या हांकेपूर्वीं कित्येक महिने त्या आठवणींचा मागमूसहि आम्हांला लागला नव्हता. संस्कार होता, उद्बोधक आम्हांपाशीं नव्हता. एका घरांतल्या एका प्रसंगावरून सिद्धांत बांधतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणूनच, हा भेद प्रयोगानें दाखवितां येतो काय, हें शोधण्याचा आम्हांस नाद लागला.

तो दाखवितां येतो, निदान उंदरांत. आणि त्याचें हत्यार आलें तें डबक्यांतल्या शेवाळांतून. एका सूक्ष्म हिरव्या शेवाळाच्या अंगीं उजेडाकडे वळण्याची शक्ति असते. ती त्याच्या एका प्रथिनामुळें. निळा प्रकाश पडला कीं हें प्रथिन दार उघडतें आणि विद्युत्-भारित कण आंत शिरतात. मज्जापेशी जागी होते ती अशाच कणांच्या प्रवेशानें. तेव्हां त्या प्रथिनाचा जनुक मज्जापेशींत घातला, तर उजेडानें ती पेशी हुकमी जागवितां येईल, ही कल्पना २००५ सालीं प्रत्यक्षांत उतरली. सुरीला जें कधींच साधलें नसतें तें यानें साधलें: शेजारच्या पेशीला धक्का न लावतां हव्या त्याच पेशीला हांक मारतां येऊं लागली.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेंत पुढचें पाऊल पडलें. एखादी नवी गोष्ट शिकतांना ज्या थोड्या पेशी जाग्या होतात त्यांच्यांतच हें प्रकाशाचें दार बसावें, अशी योजना तेथें केली गेली. उंदराला एका पेटींत सौम्य विजेचा धक्का दिला; त्या वेळीं हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी जाग्या झाल्या त्यांवर खूण राहिली. नंतर त्यास अगदीं निराळ्या, निर्भय पेटींत ठेवून त्या खुणेच्या पेशींवर बारीक तंतूनें प्रकाश सोडला, तेव्हां तो भीतीनें जागच्या जागीं थिजला. हा प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं याहून विलक्षण गोष्ट केली. पहिल्या पेटीच्या आठवणीच्या पेशी प्रकाशानें जागत्या ठेवून उंदराला दुसऱ्या पेटींत धक्का दिला. मग तो पहिल्या पेटींतहि भिऊं लागला, जेथें त्याला कधींच कांहीं झालें नव्हतें. न घडलेल्या गोष्टीची आठवण हातानें घडविली गेली.

परंतु आमच्या प्रश्नाचा निकाल देणारा प्रयोग २०१५ सालचा. शिक्षणानंतर लगेच असें औषध दिलें कीं ज्यानें पेशींत नवीं प्रथिनें बनूं नयेत, तर आठवण टिकत नाहीं, हें फार दिवसांपासून ठाऊक होतें. आणि त्यावरून संस्कार मुळीं बसलाच नाहीं असें सर्व समजत. तोनेगावांच्या मंडळीनें अशाच उंदरांना त्या पेटींत परत ठेविलें. उंदीर निर्धास्त फिरले. मग खुणेच्या पेशींवर प्रकाश सोडला, आणि उंदीर थिजले! पेटीचें दर्शन हा नेहमींचा उद्बोधक निकामी झाला होता, संस्कार होताच. २०१६ सालीं त्यांनीं स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे अल्झायमर व्याधीच्या, आरंभींच्या अवस्थेसारखी स्थिति ज्यांच्यांत उत्पन्न केली होती अशा उंदरांवर तोच प्रयोग केला आणि तेंच फळ मिळालें. नैयायिकांच्या दोन पक्षांमध्यें अनुमानाला जो भेद करतां येत नव्हता, तो प्रकाशाच्या एका किरणानें केला.

येथें टाळी वाजविण्यापूर्वीं थांबावें हें बरें. उंदीर थिजला म्हणजे त्याला आठवलें, हेंहि अनुमानच आहे. धूर दिसला म्हणून अग्नि म्हणावा त्यांतलेंच. जनुक घालणें आणि मेंदूंत तंतु सोडणें, या मार्गानें कोणाच्याहि आजीची आठवण परत आणण्याची सोय झालेली नाहीं. आणि रोग पुढें जातो तशा पेशीच मरतात. घर पडल्यावर दिव्याचा उपयोग नाहीं. आरंभींच्या अवस्थेंत जें गेलेंसें दिसतें त्यांतील कांहीं केवळ अडकलेलें असूं शकतें, एवढेंच हे प्रयोग सांगतात. एवढेंहि थोडें नाहीं.

दुसऱ्या एका प्रयोगानें तर स्मृतीच्या प्रतिष्ठेलाच धक्का दिला. २००० सालीं न्यूयॉर्क येथें नेडर, शेफ आणि लडू या त्रयीनें असें दाखविलें कीं, उंदराची पक्की झालेली भीतीची आठवण एकदां जागवून लगेच तेंच प्रथिनविरोधी औषध मेंदूच्या योग्य जागीं दिलें, तर ती आठवण नंतर दिसेनाशी होते; न जागवितां दिलें तर तिला ढका लागत नाहीं. म्हणजे आठवणें ही कपाटांतली पोथी काढून वाचून परत ठेवण्यासारखी क्रिया नव्हे; पोथी उघडली कीं शाई पुनः ओली होते. स्मृतीला प्रमेच्या पंक्तींतून उठविणाऱ्यांचीं कारणें निराळीं होतीं. पण ओसरीवर बसविण्यांत त्यांनीं अगदींच अन्याय केला नाहीं, असें यावरून म्हणावेंसें वाटतें.

जिवंत माणसाच्या मेंदूला न दुखवितां पाहण्याचें हत्यार म्हणजे चुंबकीय चित्रण. लंडनच्या भाड्याच्या मोटारी हांकणाऱ्यांस चेअरिंग क्रॉसच्या भोंवतालचे सुमारें २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. त्यांतील १६ जणांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांहून मोठा असल्याचें एलिनॉर मग्वायर यांनीं २००० सालीं दाखविलें. मोठा होता म्हणून रस्ते पाठ झाले, कीं पाठांतरानें मोठा झाला? २०११ सालीं याचें उत्तर आलें. ७९ उमेदवारांचें चित्रण आधीं केलें व त्यांतील पुष्कळांचें नंतरहि केलें, आणि जे ३९ उत्तीर्ण झाले त्यांच्याच ठिकाणीं वाढ आढळली. २०१६ सालीं यजुर्वेदाचें पठण केलेल्या २१ भारतीय पंडितांचाहि असा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या मेंदूंतहि स्मृति व भाषा यांच्या भागांत वेगळेपण दिसलें. वाई-नाशिककडच्या पाठशाळांतून घनपाठ ऐकलेल्यांस याचें नवल वाटणार नाहीं. परंतु तें चित्रण एकदांच झालेलें; म्हणून आधीं कोंबडी कीं आधीं अंडें हें त्यावरून सांगतां येत नाहीं. अभिमान वाटावयास हरकत नाहीं, अनुमान मात्र बेतानें करावें.

सर्वांत नवें हत्यार गणनेचें. माणसाच्या मेंदूच्या एक घन मिलिमीटर तुकड्याचे हजारों काप करून, त्यांचीं चित्रें यंत्राकडून जुळवून २०२४ सालीं जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्यांत सुमारें ५७,००० पेशी आणि सुमारें १५ कोटी सांधे निघाले. मोहरीएवढा हा तुकडा. आणि सबंध मेंदूंत मज्जापेशीच सुमारें ८,६०० कोटी! काहालला जें एक झाड दिसलें होतें त्याचें आतां जंगल मोजूं लागलों आहों. तरी हा नकाशा निर्जीव तुकड्याचा. त्यांत सारे रस्ते दिसतात. बाजार भरलेला दिसत नाहीं. कोणत्या सांध्यांत रहाट आहे आणि कोणत्यांत रायआंवळा, हें त्यावरून वाचतां येत नाहीं.

या सर्व हत्यारांचा हिशेब मांडला तर असें दिसतें कीं, प्रत्येकानें स्मृतीला आपल्यासारखें रूप दिलें. मोजणाऱ्याला ती वक्ररेषा दिसली, सुरीला ती कोठेंच नाहीं असें दिसलें, चुंबकाला अवयवाचें आकारमान, आणि प्रकाशाला मूठभर पेशी. एकाचेंहि म्हणणें खोटें नाहीं, आणि एकाचेंहि पुरेसें नाहीं. परंतु त्यांतून एक गोष्ट हातीं लागली आहे, आणि ती प्रयोगशाळेबाहेर, ज्या ज्या घरीं असें माणूस आहे तेथें, आजच उपयोगाची आहे. विसरलेल्या माणसापुढें उभें राहून ‘मी कोण, सांग पाहूं’ अशी परीक्षा घेणें म्हणजे संस्कार आहे कीं नाहीं याची चौकशी नव्हे. उद्बोधक न देतांच उत्तराची अपेक्षा करणें होय. उत्तर आलें नाहीं म्हणजे आंत कोणी नाहीं, असें ठरविण्याचा अधिकार आपल्याला पूर्वीं तर्कानें दिला नव्हता, आणि आतां प्रयोगानेंहि दिलेला नाहीं. उंदराला प्रकाश लागतो. माणसाला कधीं योग्य नांवाची हांक पुरते, कधीं तीहि पुरत नाहीं. मारून पाहण्याचें काम आपलें.